हात वर करायला शिकवणं: मुलांच्या संघात खिलाडूवृत्ती रुजवताना

चौदा वर्षांखालील मुलांचा तालुका पातळीवरचा कबड्डी सामना. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे. समोरच्या चढाईपटूने परत फिरताना टाच मागे फेकली आणि ती आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या गुडघ्याला घासून गेली. सरपंचांना, म्हणजे कबड्डीतल्या मुख्य पंचांना, दिसलं नाही, त्या बाजूच्या पंचांनाही नाही. चढाईपटू ‘सर, टच! सर, टच!’ करत राहिला. आमच्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उचलायला खाली वाकलो.

सामना आम्ही जिंकला. परतीच्या टेम्पोत पोरांनी घसा बसेपर्यंत आरोळ्या दिल्या. तो मात्र मागच्या फळीला टेकून गप्प बसला होता. मैदानात त्याने नजरेनेच मला सरळ प्रश्न विचारला होता, ‘सर, हात वर करू का?’, म्हणजे लागल्याचं कबूल करून बाहेर जाऊ का, आणि बाटलीच्या झाकणाशी खटपट करत मी त्याला उत्तरही देऊन टाकलं होतं.

शालेय कबड्डी आणि खो-खोचे संघ सांभाळत मला बरीच वर्षं झाली. खिलाडूवृत्तीवर परिपाठाला मी पुष्कळ बोललो आहे आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. फरक पडू लागला तो ही गोष्ट सरावाच्या तक्त्यात घेतल्यावर. पकड घोटून घेतो, बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण) घोटून घेतो, तसंच ‘लागलं की हात वर’ हेही रोज घोटून घ्यायचं. खाली जे लिहिलं आहे ते या घोटण्याबद्दल. उदाहरणं बहुतेक कबड्डीची आहेत, कारण मला तेच कळतं. क्रिकेट-फुटबॉलवाल्यांनी आपापली घालून घ्यावीत.

पहिली पायरी: मोठा शब्द फोडा

‘खिलाडूवृत्ती दाखवा’ म्हटलं की अकरा वर्षांचं पोर मान डोलावतं आणि काहीच करत नाही. दाखवायची म्हणजे हातापायांनी काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यात संघाला मैदानात गोल बसवा आणि एकच विचारा: गल्लीत खेळताना कोणाला परत खेळायला घेत नाही?

उत्तरांची झुंबड उडते. आउट झाला तरी बॅट सोडत नाही तो. हरायला लागला की ‘आई बोलावते’ म्हणून घरी पळतो तो. राज्य यायची वेळ झाली की ‘टाइमप्लीज’ म्हणतो तो. शेवटी कोणीतरी म्हणतंच, ‘सर, रडीचा डाव खेळतो तो.’ मग उलट विचारा: कोणाबरोबर खेळायला मजा येते? इथे लिंबूटिंबूची आठवण निघते. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही, ही सोय कुठल्या महासंघाने केलेली नाही. पोरांची पोरांनीच केलेली आहे. म्हणजे न्याय-अन्यायाची बरीचशी नियमावली त्यांना पाठ असते. अंगात शाळेची जर्सी आली आणि कडेला मोठी माणसं उभी राहिली की ती विसरायला होते.

या गप्पांतूनच कृती निवडा, आणि पाचाच्या वर जाऊ नका. आमच्या अशा आहेत:

चढाईपटूचा स्पर्श झाला हे कळलं की शिट्टीची वाट न बघता हात वर करून बाहेर जायचं.
सरपंचांशी फक्त कर्णधार बोलणार.
शिट्टी वाजली की पकड सुटली पाहिजे, आणि ज्याला पाडलं त्याला उठवायला हात द्यायचा.
शड्डू ठोकायचा तो आपल्या संघाकडे तोंड करून.
सामना संपला की समोरचा संघ, सरपंच, पंच आणि गुणलेखक, सगळ्यांशी हात मिळवायचा.

शड्डूबद्दल दोन शब्द, कारण यावर शिक्षकांत मतभेद आहेत. काहीजण तो बंदच करतात. मला ते पटत नाही. तालमीतून आलेली ती रीत आहे आणि अव्वल पकड केलेल्या पोराच्या अंगात जे उसळतं त्याला कुठेतरी वाट हवी. पण खाली पडलेल्याच्या तोंडासमोर मांडी थोपटणं वेगळं आणि आपल्या कोपऱ्याकडे वळून थोपटणं वेगळं. सांगून कळत नाही, म्हणून मी दोन्ही करून दाखवायला लावतो. ज्याच्या तोंडासमोर थोपटलं जातं त्याला विचारतो, कसं वाटलं? त्यानंतर नियम समजावावा लागत नाही.

खो-खोच्या मुलींची यादी वेगळी निघाली. पळती करताना पाठीला बोट लागलं असेल तर स्वतःहून थांबायचं. खो देताना हात लागणं आणि उच्चार एकत्र झाला नाही, तर पंचांच्या आधी आपणच मागे फिरायचं. क्रिकेटच्या पोरांनी एका वाक्यात संपवलं: टप्पा पडलेला कॅच मागायचा नाही.

यादी पुठ्ठ्यावर पोरांच्याच अक्षरात लिहून साहित्याच्या खोलीत लावा. शुद्धलेखन सुधारू नका.

दुसरी पायरी: सरावात वेळ काढा

दीड तासाच्या सरावातली १५ मिनिटं यासाठी लागतात. रोज सगळं करायचं नाही, आलटून पालटून.

सरावाची शेवटची दहा मिनिटं पंचाशिवाय कबड्डी. शिट्टी नाही, गुणफलक नाही, मी पाठ करून उभा. लागलं की स्वतः सांगायचं. वाद झाला तर दोन्ही कर्णधारांना ३० सेकंद, म्हणजे एका चढाईचा वेळ. तेवढ्यात मिटलं नाही तर ती चढाई परत. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत तीन चढाया होतात, बाकी सगळं भांडण. पोरांना खेळायचं असतं, त्यामुळे आठवड्याभरात भांडण आपोआप आखडतं. मधे पडायचा मोह फार होतो. पडू नका.

फ्लाइंग डिस्कचा ‘अल्टिमेट’ हा खेळ जागतिक स्पर्धेतही पंचांशिवाय खेळला जातो, खेळाडू आपले फाऊल आपणच सांगतात आणि सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना वागणुकीचे गुण देतात. पाच मुद्दे, प्रत्येकाला ० ते ४: नियमांची माहिती, अंगाला अंग भिडणं, न्यायबुद्धी, संयम आणि बोलणं. पोरांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही, ‘मग सगळेच चीटिंग करत असतील ना सर?’ आम्ही ही गुणपत्रिका मराठीत करून घेतली आहे आणि मैत्रीपूर्ण सामन्यांत समोरच्या संघाकडून भरून घेतो. चांगला संघ नेहमीच्या वागण्याला २ देतो. आम्हाला एकदा एका गावच्या संघाने संयमाला ० दिला होता. तो कागद पुठ्ठ्याशेजारी महिनाभर होता.

दुसरा सराव चुकीच्या निर्णयाचा. मी सरपंच असतो आणि कधीतरी, न सांगता, धडधडीत चूक निर्णय देतो. नियम इतकाच: निर्णयानंतर जो संघ आधी आपल्या जागी उभा राहील त्याला एक गुण. हात पसरून वाद घालणारा संघ अजून माझ्याकडे बघत असतो आणि समोरचा चढाईला निघालेला असतो. मात्र सराव संपल्यावर कोणता निर्णय मुद्दाम चुकवला ते सांगायचंच. नाहीतर पोरं तुम्हाला कच्चे पंच समजतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पक्षपाती.

तिसरा हरण्याचा. गुणफलकावर ५-१५ लिहायचं, घड्याळात चार मिनिटं, आणि मागे असलेल्या संघाने खेळायचं. जिंकणं जवळपास अशक्यच. बघायचं ते एवढंच, की शेवटच्या चढाईलाही दम घुमतोय का आणि कोपरेवाले साखळी धरतायत का. मान खाली गेली की मी सामना थांबवतो आणि ‘मान’ एवढंच म्हणतो. पुढचा महिना तीच हाक पोरं एकमेकांना देतात.

आणि शिट्टी पोरांच्या हातात द्या. प्रत्येकाने हंगामात निदान तीन वेळा पंच व्हायचं, एकदा गुणलेखक. लॉबी (मैदानाच्या दोन्ही कडांचे पट्टे) कधी खेळात येते, निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती रेषा) ओलांडली की नाही हे एका नजरेत ठरवणं किती अवघड आहे, ते मध्यरेषेशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमचा सर्वात तोंडाळ चढाईपटू सरपंच झाला त्या दिवशी दहा मिनिटांत रडकुंडीला आला. त्याची कटकट पूर्ण गेली असं नाही. पण आता बोलण्याआधी तो एक श्वास घेतो.

आपल्याच संघातल्या चुकीचंही बघावं लागतं. पकड सुटली की बाकी सहाजण ज्या नजरेने बघतात, ती नजर समोरच्या संघाच्या टोमण्यापेक्षा जास्त लागते. आमच्याकडे चूक करणाऱ्याने तळहातावरची माती मांडीवर झटकायची आणि शेजारच्याने ‘गेली’ म्हणायचं. पोरकट वाटेल. चालतं.

तिसरी पायरी: पालक

पालकांवर चिडण्याआधी त्यांच्या डोक्यात काय चाललं आहे ते पाहावं. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. वरच्या पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवून तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. त्यानंतर खो-खोच्या नावनोंदणीला येणाऱ्या आई-बापांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. ती वाईट नाही. पण एका निर्णयावर पोराचं भविष्य लटकलंय असं कडेला उभ्या बापाला वाटत असेल, तर त्याचा आवाज चढणारच.

म्हणून हंगामाआधी पालकांची एक बैठक घ्या. चहा ठेवा, अर्ध्या तासात आटपा, आणि तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, उभं कुठे राहायचं. आमच्याकडे पालक गुणलेखकाच्या टेबलासमोरच्या बाजूला, दोरीच्या मागे, दहा पावलांवर बसतात. संघाच्या बाजूला कोणीही नाही, मग ते संस्थेचे पदाधिकारी असोत. हे बैठकीत पदाधिकाऱ्यांच्या देखतच सांगायचं, म्हणजे मैदानावर सांगावं लागत नाही.

दुसरी, काय बोलायचं. टाळ्या, नाव घेऊन हुरूप, समोरच्याच्या चांगल्या चढाईला दाद, सगळं चालेल. ‘पाय धर! अरे पाय धर!’ चालणार नाही. पोराच्या कानात एका वेळी तीन आवाज गेले की ते कोणाचंच ऐकत नाही, आणि चुकलं तर दोष मात्र त्याच्या एकट्याचा. वर्षातून एक सामना आम्ही ‘मुका’ ठेवतो: पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. पहिल्या मुक्या सामन्यात एका आजोबांनी तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा उपरण्याचा बोळा धरला होता. पण त्या दिवशी आमची पोरं एकमेकांशी जेवढी बोलली तेवढी कधी बोलली नव्हती.

तिसरी, घरी जाताना. सामना हरल्यावर मोटारसायकलवर मागे बसलेल्या पोराला वीस मिनिटं पुढून व्याख्यान ऐकावं लागतं, उतरताही येत नाही. पालकांना मी सांगतो, गाडीवर तीनच वाक्यं: ‘भूक लागली का?’, ‘लागलं तर नाही ना?’, ‘बघायला मजा आली.’ खेळाचा विषय पोराने काढला तरच.

व्हॉट्सॲपचंही तिथेच उरकून घ्या. समोरच्या संघातलं पोर पडलेलं, पंच चुकलेले, असले व्हिडिओ गटावर टाकायचे नाहीत. टाकले तर काढायला लावायचे, त्याच संध्याकाळी.

एवढं करूनही एखादा बाप ऐकत नाही. अशाला मी गुणलेखकाशेजारी बसवून आमच्या वहीत प्रत्येक चढाईची नोंद करायला देतो. चढाई कोणाची, गुण कसा, पकड कोणी केली. लिहिणाऱ्याला ओरडायला सवड मिळत नाही, आणि हंगामाच्या शेवटी मला फुकटात चांगली आकडेवारी मिळते.

सामन्याच्या दिवशी

मैदानावर पोचलो की कर्णधार आधी पंचांना नमस्कार करून येतो आणि समोरच्या कर्णधाराला त्याचं नाव विचारतो. मध्यंतरात त्याला ‘ए सात नंबर’ म्हणण्याऐवजी नावाने हाक मारता आली पाहिजे. नाव ठाऊक असलेल्या पोराशी भांडताना जीभ जरा अडखळते.

खेळ सुरू झाला की पोरांचा खरा पंच तुम्ही. निर्णय विरुद्ध गेला की सगळ्यात आधी ते तुमच्या चेहऱ्याकडे बघतात, हे मी बाटलीच्या प्रसंगानंतर मोजायला लागलो. म्हणून स्वतःसाठी एक ठरीव हालचाल असू द्या. मी दोन्ही हात मागे बांधतो आणि पुढच्या चढाईला निघणाऱ्याचं नाव घेतो. मनात शिव्या चालू असतात, त्या कोणाला ऐकू जात नाहीत. हरकत घ्यायचीच असेल तर ३० सेकंदांचा टाइम आउट घ्या, कर्णधाराला एक वाक्य सांगा आणि ते त्यानेच सरपंचांना सांगावं. ‘सर, त्यांचा डावा पाय लॉबीत होता, स्पर्श व्हायच्या आधी’ असं. ‘सर, काय राव’ हे वाक्य नाही. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर; दोन मिनिटं सहाजणांनी खेळून बघा म्हणजे तोंड चालवण्याची किंमत पोरांना गुणफलकावर दिसते.

आणि हात वर गेला, आपला गुण गेला, तर? त्या क्षणी टाळी वाजवा. मोठ्याने, सामना कुठल्याही वळणावर असला तरी. ती टाळी मारताना पोटात गोळा येतो, हे लपवत नाही.

नियमात बसतं, पण...

पोरं मोठी होऊ लागली की अवघड प्रश्न येतात. गोलंदाजाने चेंडू टाकायच्या आधीच पुढे सरकलेल्या, आपल्याच टोकाच्या फलंदाजाला धावबाद करावं का? डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत भारताच्या विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच बाद केलं. त्याआधी दौऱ्यातल्याच एका सामन्यात त्यांनी ब्राउनला इशाराही दिला होता, आणि मग तिथेही बाद केलं होतं. ऑस्ट्रेलियाचेच कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. तरी पुढची सत्तर वर्षं मंकड यांचं नाव जणू गुन्ह्याला चिकटलं. २०२२ मध्ये क्रिकेटच्या नियमांत हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून उचलून ‘धावबाद’च्या कलमात नेला. माझं मत सरळ आहे. चोरटी धाव घ्यायला आधीच दोन पावलं पुढे जाणारा फायदा घेतोय आणि बाद करणारा नियमाने वागतोय. पण बारा वर्षांखालच्या पोरांत हे हुकमी हत्यार म्हणून शिकवू नये. आधी फलंदाजाला क्रीज धरायला शिकवा, मैत्रीच्या सामन्यात एक इशारा द्या, आणि त्यानंतर कोणी बाद केलं तर त्या गोलंदाजाला खलनायक करू नका.

दुसरी गोष्ट वानखेडेवरची, फेब्रुवारी १९८०, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडची पाच बाद ५८ अशी अवस्था झाली होती. पुढे बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना वाटलं की बॅट लागलेली नाही. त्यांनी अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. ही गोष्ट सांगताना बरेचजण शेवट गाळतात. मी तो आवर्जून सांगतो, आणि मग पोरांना विचारतो: तुम्ही बोलावलं असतं का? दरवर्षी वर्गात दोन तट पडतात. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘बोलावलं असतं, पण घरी जाऊन रडले असते.’ याहून खरं उत्तर मी ऐकलेलं नाही.

एकतर्फी सामना

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला एका आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. विक्रम मोठाच. पण त्या आकड्यांची दुसरी बाजू म्हणजे दिवस-दिवस ऊन खात चेंडूमागे धावणारी अकरा पोरं, आणि त्यांच्याबद्दल फार कोणी बोललं नाही.

कबड्डीतही तीन-तीन लोण चढतात, म्हणजे अख्खा संघ तीन-तीनदा बाद होतो. अशा वेळी मुद्दाम हात सैल सोडून गुण बहाल करू नका. समोरच्या पोरांना ते लगेच कळतं आणि हरण्यापेक्षा जास्त झोंबतं. त्याऐवजी राखीव खेळाडू उतरवा. नेहमीच्या चढाईपटूला कोपऱ्यात उभा करा, कोपरेवाल्याला चढाईला पाठवा. आपल्या संघाला गुपचूप एक अट घाला, जसं की फक्त डाव्या पायाने बोनस. हसायचं नाही आणि ही अट कोणाला सांगायचीही नाही. उलट आपल्यावर लोण चढत असतील तर ‘पुढच्या पाच चढायांत एक पकड’ एवढंच छोटं लक्ष्य द्या.

सामना संपल्यावर

इथे थोडक्यात आटपा. हात मिळवताना बोटं नुसती घासून पुढे पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं. मग पाच मिनिटं गोल, प्रत्येकाने समोरच्या संघातल्या एका खेळाडूची एक चांगली गोष्ट सांगायची: ‘त्यांच्या चार नंबरने पाठीमागून मांडी धरली ती.’ यात शिष्टाचारापेक्षा स्वार्थ जास्त आहे. पोरं डोळे उघडे ठेवून खेळायला शिकतात. तांत्रिक चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी. शक्य असेल तिथे दोन्ही संघांनी एकत्र वडापाव खावा, खर्च यजमानांचा.

कोणी मर्यादा सोडली तर

शिक्षा आधीच ठरलेली हवी आणि सगळ्यांना सारखी. आमची: पहिल्यांदा पुढच्या दोन चढाया बाहेर, दुसऱ्यांदा उरलेला अर्धा सामना, शिवी किंवा हात उचलला तर पुढचा सामना बाहेर आणि समोरच्या खेळाडूला स्वतः जाऊन भेटणं. माफी पाठ करून म्हणायला लावू नका. काय केलं ते त्याने आपल्या शब्दांत सांगावं, एवढं पुरे.

कसोटी लागते ती सर्वात चांगला चढाईपटू घसरतो तेव्हा. एका उपांत्य सामन्यात मध्यंतराआधी आमच्या पोराने पंचांना आईवरून शिवी दिली. मी त्याला बसवला. आम्ही चार गुणांनी हरलो, आणि संस्थेतल्या एका ज्येष्ठांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं की तत्त्वं दाखवायला प्रार्थना असते. मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तरी दिलं नसतं, कारण पोरं बघत होती.

वजनकाटा आणि दाखला

सगळ्यात मोठा रडीचा डाव मैदानावर खेळला जात नाही; तो त्याआधी टेबलावर होतो आणि तो पोरं खेळत नाहीत. किशोर गटाला वयाची आणि ५५ किलो वजनाची अट असते. मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोराला पाणी तोडायचं, दोन-दोन स्वेटर घालून पळवायचं, काट्यावर उतरलं की तासाभरात केळी आणि ग्लुकोज. वाढत्या वयात हे घातक आहे, चक्कर येते, स्नायू धरतात. वजन महिनाभर आधीपासून वहीत लिहा. दोन किलोपेक्षा जास्त वर असेल तर तो पोरगा वरच्या गटात खेळेल, हे तेव्हाच घरी सांगा.

जन्मतारखेचं तर विचारू नका. एक पालक माझ्याकडे दुसरा दाखला घेऊन आले होते, वय दीड वर्षाने कमी. ‘सर, सगळेच करतात.’ अशा वेळी उपदेश करत बसण्यापेक्षा नियम दाखवावा: शाळेच्या नोंदवहीतली तारीख तीच अर्जावर, प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने, प्रशिक्षकाला दुरुस्तीचा अधिकार नाही. निर्णय आपल्या हातात ठेवलाच नाही तर आपल्यावर दबावही टाकता येत नाही. पोरगा शेजारी उभा होता आणि सगळं ऐकत होता, म्हणून मी आवाज चढवला नाही.

किती दिवसांत काय दिसेल

वहीचं एक पान फक्त यासाठी ठेवा: सरावात आणि सामन्यात किती वेळा हात वर गेला, किती वेळा कर्णधाराशिवाय कोणी पंचांशी बोललं, किती वेळा पडलेल्याला हात दिला गेला. ह्या आकड्यांवर बक्षीस मात्र लावू नका. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल सगळ्या निकषांवर बरोबरीत सुटले आणि कमी पिवळी कार्डं, चार विरुद्ध सहा, म्हणून जपान पुढे गेला. वागणुकीला गुण हे ऐकायला छान. पण त्याच जपानने पोलंडविरुद्ध हरत असताना शेवटची दहाएक मिनिटं चेंडू आपापसांत टोलवत काढली, कार्ड नको म्हणून. प्रेक्षकांनी हुर्यो केली. पोरंही असंच करतात, फक्त जास्त पटकन.

पहिल्या आठवड्यात हात कोणीच वर करणार नाही. दुसऱ्यात एखादी मुलगी किंवा संघातलं सर्वात धाकटं पोर करेल, आणि बाकीचे त्याच्यावर खेकसतील. तिथे मधे पडा. महिन्याभरात सरावात सवय दिसू लागते. सामन्यात यायला अख्खा हंगाम लागतो आणि अंतिम सामन्यात ती पुन्हा गायब होते, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका. मधेच एक गंमतही होते: तुमची टाळी मिळते हे कळलं की एखादा पठ्ठ्या काही लागलेलं नसतानाच हात वर करून ऐटीत बाहेर चालू लागतो. त्याला परत आत बोलवा, चढाईपटूचा गुण काढून घ्या, आणि खेळ पुढे चालू करा.